मरणावर काट

लाँचच्या धक्क्यावर इतकी गर्दी उसळली होती की माणसे कठड्याच्या गजांवर पाय रोवून उभी होती. खाली जलाशयाच्या पाण्यात तरंगबाबा उताणे पडले होते. डोळे मिटलेले, हात छातीवर दोरीने बांधलेले, अंगात कोरे नारिंगी जीवरक्षक जाकीट आणि गळ्याभोवती जाडजूड पांढरी शाल. दोन शिष्यांनी त्यांना पायऱ्यांवरून अलगद पाठीवर सोडले होते.

"बाबांना या क्षणी शुद्ध नाही," तिसरा शिष्य कर्ण्यातून सांगत होता. "पण तोंड बघा. आकाशाकडे."

मग त्याने दुसऱ्या जाकिटाचे लेबल सर्वांना दिसेल असे उंच धरले.

या लेबलाविषयी थोडे सांगायला हवे. जाकिटांच्या सुरक्षेचे मानक नुकतेच बदलले होते. पूर्वी लेबलावर बारीक अक्षरांत जाकिटाचा प्रकार छापलेला असे आणि तो वाचण्याच्या फंदात कोणी पडत नसे. नव्या मानकाने अक्षरे कमी करून चित्रे आणली. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे, हा हेतू. या लेबलावर पाण्यात पालथा पडलेला माणूस होता, त्याला उताणे वळवणारा वाकडा बाण होता आणि त्या सगळ्यावर एक तिरकी लाल रेघ.

"चित्रात कोण?" शिष्याने विचारले.

"बुडालेला माणूस," गर्दी म्हणाली.

"त्याच्यावर काय?"

"काट."

"म्हणजे काट कशावर, माउलींनो?"

"मरणावर," गर्दी गरजली. माझ्या शेजारी आमच्याच शाळेचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. त्यांचाही आवाज त्यात होता.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. एरवी हसून घरी गेलो असतो. पण त्या गर्दीत माझी ताई हात जोडून उभी होती आणि तिच्या काखेत तसलेच एक जाकीट होते.

माझ्या भाचीला फेफरे येते. पलीकडच्या काठावरच्या महाविद्यालयात ती रोज लाँचने जाते. डॉक्टरांनी बजावले होते, की पाण्यात पडल्यास बेशुद्ध माणसाला आपोआप उताणे करणारे, मानेमागे कॉलर असलेले जाकीटच घालायचे. तसे तिच्याकडे होते.

"ते दिलं मी बाबांच्या लोकांना," ताई म्हणाली. "जुन्या शिक्क्याचं झालं ना ते. जुनं घेऊन नवं देतात."

"ताई, मानक बदललं म्हणून धड जाकीट एका दिवसात बाद होत नाही. शिवण शाबूत होती, फोम शाबूत होता."

"तुला सगळ्यातच खोट दिसते. बाबा बेशुद्ध होऊन तरंगले, या डोळ्यांनी पाहिलं मी."

"मामा," भाची हळूच म्हणाली, "माझ्या गोळ्या बंद करायच्या का, तेही आई त्यांना विचारणार आहे."

पुढच्या रविवारी बाबांची पाण्यातली समाधी आटोपली आणि ते पायरीवर बसून अंग पुसू लागले, तेव्हा मी आणि तरणतलावावर पोहणे शिकवणारे शिक्षक पुढे झालो. बुडणाऱ्याला वाचवण्याच्या सरावासाठी माणसाच्या वजनाचा जो पुतळा असतो, तो आम्ही सोबत आणला होता. शिक्षकांनी त्याला नवे जाकीट चढवले आणि पाण्यात उतरून पालथे सोडले. पुतळा पालथाच राहिला. पाठ वर, तोंड पाण्यात. मग त्यालाच तलावावरचे कॉलरचे जाकीट घालून पुन्हा पालथे सोडले. पुतळा क्षणभर डगमगला, कुशीवर झाला आणि सावकाश उताणा झाला.

गर्दी कठड्यावरून पुढे वाकली. बाबा मात्र हसले.

"मास्तर, पुतळ्याला श्रद्धा असते का?"

आणि लोकांनी माना डोलावल्या. खोटेपणाची मला सवय आहे. पण सुटका झाल्यासारखे उजळलेले ते चेहरे पाहून मला शिसारी आली.

भाची दोन पायऱ्या उतरून बाबांसमोर उभी राहिली.

"मला झटका येतो तेव्हा माझं नावसुद्धा मला आठवत नाही. श्रद्धा कुठून आठवणार?" ती म्हणाली. "तुम्हीच शाल काढून एकदा पालथे पडून दाखवा ना."

"शाल गुरूंची आहे, बाळ. तिच्याशिवाय आम्ही पाण्याला शिवत नाही."

ती शाल कठड्यावर वाळत होती. तरणतलावाच्या शिक्षकांनी ती ओढली, पाण्याखाली दाबली आणि सोडली. बुचासारखी उसळून ती वर आली. त्यांनी शिवण उसवली. आतून फोमचे तुकडे निघाले आणि त्यांना जुन्या जाकिटांचे नारिंगी कापड अजून चिकटलेले होते. लोकांकडून गोळा केलेल्या जाकिटांच्या कॉलरी कापून बाबांनी त्या स्वतःच्या मानेखाली येतील अशा शालीत शिवल्या होत्या.

म्हणजे चमत्कार एवढाच. पाण्यात पाठीवर अलगद सोडून घ्यायचे, पालथे कधीच पडायचे नाही आणि मान फोमवर टेकवून डोळे मिटायचे. बाबा अडाणी असते, चित्र त्यांनी चुकीचे वाचले असते, तर मी त्यांना क्षमा केली असती. पण त्या नव्या जाकिटात नेमके काय नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून तर ते त्यांनी स्वतःच्या गळ्याभोवती बांधले आणि माझ्या भाचीच्या गळ्यातून काढून घेतले.

बाबा आणि शिष्य गाडीत बसून निघून गेले. त्यांना कोणी अडवले नाही. लाँचमालकानेही लाँचवर हीच जाकिटे आणून ठेवली होती. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, आम्हाला काय कळणार? चित्रच तसं होतं."

"जाकिटाबरोबर माहितीपत्रक आलं होतं. त्याचं काय केलं?"

"खोक्याबरोबर गेलं असेल कचऱ्यात."

एका गृहस्थांनी तर खाली पडलेला फोमचा तुकडा उचलला. तो घरी ठेवला तर चालेल का, असे त्यांनी मला अदबीने विचारले.

ताई पायरीवर बसली होती. बराच वेळ ती लेबलावरून बोट फिरवत राहिली.

"मग ही काट कशावर आहे?"

"बाणावर. हे जाकीट पालथ्या माणसाला उताणं वळवत नाही, एवढंच ते सांगतंय. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्याला काठाजवळ ते पुरतं. हिला नाही."

"म्हणजे लपवलं नव्हतं कोणी."

"नाही. छापूनच दिलं होतं."

तिने ते जाकीट माझ्या हातात दिले आणि मुलीला म्हणाली, "तुझं कॉलरचं मिळेपर्यंत लाँचने जायचं नाही. मी येते तुझ्याबरोबर, जलाशयाला वळसा घालून रस्त्याने. आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत." वळशाचा तो रस्ता लांबचा होता. दोघी घराकडे चालू लागल्या.

ही हकीकत वाचणाऱ्यांना माझे मागणे मोठे नाही. घरातले जाकीट आज काढा आणि त्याचे लेबल पाहा. चित्र कळले नाही तर सोबतचे पत्रक वाचा, तेही नसेल तर जाणत्याला विचारा. मी पालथा पडलो तर हे मला वळवील का, एवढा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. पाण्याला कुणाची श्रद्धा दिसत नाही. तोंड कुठल्या बाजूला आहे, एवढेच त्याला पुरते.