आत्सू-एत्सेच्या शेतातला दगड

साखळीचा तो आवाज मला अजून आठवतो. लोखंडी कड्यांची लांबलचक साखळी सुक्या गवतावरून ओढत माणसं डोंगर चढत होती. थांबायची, काहीतरी लिहायची, पुन्हा ओढायची. त्या दिवसापर्यंत मी नुसता धोंडा होतो. आता मी हद्दीचा दगड आहे आणि बोलतोय. जे सांगायचंय त्याची मला लाज वाटते, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो.

आधी मी ओढ्यात पडलेलो असायचो. बायका माझ्यावर धुणं आपटायच्या. त्यांतच आत्सू आणि एत्सेची आई असायची. पोरं जुळी. आफ्रिकेतल्या आमच्या एवे लोकांत जुळ्यांना फार जपतात. एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचंच. ती माउली दोघांचे सारखे कपडे माझ्यावर सारख्याच वेळा आपटायची. बापानं शेत वाटलं तेसुद्धा दोरी धरून, बरोबर अर्ध्यात, आणि मधोमध हद्दीची झुडपं लावून दिली.

त्या काळात आमच्यावर जर्मनांचं राज्य होतं. मोठी लढाई झाली, त्यात ते गेले. त्यांच्या जागी इंग्रज आणि फ्रेंच आले, आणि त्यांनी आमचा मुलूख आपसात वाटून घ्यायचं ठरवलं. साखळी त्यासाठीच आली होती.

"ही झुडपं कसली?" गोऱ्या साहेबाच्या दुभाष्यानं विचारलं.

"आमची वाटणी," आत्सू छाती पुढं काढून म्हणाला. "इकडं मी, तिकडं हा. एका पावलाचा फरक नाही. मोजा हवं तर."

"मोजाच!" एत्से म्हणाला. "आणि कागदावर लिहून ठेवा, म्हणजे आमची पोरं पुढं भांडायची नाहीत."

साहेबाला ती सरळ ओळ फार आवडली. डोंगराला वळसा घालायचे त्याचे दोन दिवस वाचले. दुभाष्या म्हणाला, इथं एक खूण लागेल. तेवढ्यावर दोघं भाऊ ओढ्याकडं पळाले आणि मला खांद्यावर घेऊन वर आले. खड्डाही त्यांनीच खणला. साहेबाच्या माणसांनी माझ्यावर अक्षरं कोरली.

साहेबानं खूश होऊन आत्सूच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. आत्सूनं ती काढून परत दिली.

"दोघांना दोन. नाहीतर एकालाही नको."

साहेब पुटपुटला, पण मग त्यानं आपल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी काढून एत्सेला दिली. भाऊ टोप्या घालून हसत घरी गेले. वाटणी बरोबर झाली म्हणून मीही मनात खूश होतो.

वर्षभरात शिपाई आले. तेव्हा कळलं की माझ्या एका अंगाला इंग्रजांचं राज्य आहे आणि दुसऱ्या अंगाला फ्रेंचांचं. आत्सू इकडं, एत्से तिकडं. एत्सेला फ्रेंचांच्या रस्त्यावर फुकट खडी फोडायला नेत. आत्सूला तसं काम नव्हतं. ते त्याला सोसेना. एत्से जितके दिवस खडी फोडायचा तितके दिवस आत्सू आपल्या शेतात खड्डे खणायचा आणि बुजवायचा. बायको म्हणायची, "अहो, वेड लागलंय का? त्यात काही लावा तरी!" तो काही लावत नसे.

गावची माणसं यामचे कंद डोक्यावर घेऊन जाताना मला लाथ मारायची. "कुणा मेल्यानं हा धोंडा इथं आणून घातला!" दोन्ही भाऊ तिथं असले तर खाली मान घालून काम करायचे. त्या टोप्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

मग मतदान झालं. आत्सूच्या बाजूनं शेजारच्या इंग्रजी मुलखात, म्हणजे पुढच्या घानात, मिसळायचं की वेगळं राहायचं ते ठरायचं होतं. आमच्या डोंगरातल्या पुष्कळांना पलीकडच्या भावंडांना सोडायचं नव्हतं, पण मिसळा म्हणणारी उत्तरेकडची मतं जास्त पडली. आत्सूची जमीन घानात गेली. तीन वर्षांनी फ्रेंच गेले आणि एत्सेच्या बाजूला टोगोचं स्वतंत्र गणराज्य झालं. त्या दिवशी एत्से ढोल वाजवत आला. त्यानं माझ्यावर ताडी ओतली आणि ओरडला, "आत्सू, गोरे गेले! आता या धोंड्याचीही पाठवणी करू!"

दोन आठवड्यांनी आपलीच माणसं नव्या गणवेशात आली. त्यांनी मला चुना फासला आणि जुनी अक्षरं खोडून नवी काढली. मी जागचा हललो नाही. मला हलता येत नाही, हे खरं आहे, पण त्यानं लाज कमी होत नाही.

पुढं दोन्ही राजधान्यांचं बिनसलं आणि हद्द बंद झाली. त्याच महिन्यात एत्से गेला.

मातीच्या दिवशी पलीकडून ढोल ऐकू येत होते. आत्सू स्वच्छ कापड गुंडाळून माझ्यापाशी उभा राहिला. हद्दीवरचा शिपाई सेलोम नात्यातलाच होता.

"काका, पाया पडतो, परत जा. माझी भाकरी जाईल."

"तिथं माझं अर्धं अंग पुरतायत रे."

"वरचा साहेब बघतोय, काका."

आत्सू ढोल थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

हे वाचणाऱ्या माणसा, कधी या डोंगरात आलास तर मला उपटून टाक. चूल मांडायला घे, विहिरीच्या कडेला लाव, काहीही कर. माझ्या अंगावरची अक्षरं मात्र वाचू नकोस.

काल एत्सेची मुलगी एसिनाम पलीकडून आली. अलीकडं आत्सू तिची वाट बघत उभा होता. जुळ्यांतला एक गेला की त्याची लाकडी बाहुली करतात आणि मागं राहिलेला भाऊ तिला सांभाळतो, आपल्या घासातला घास देतो. ती बाहुली तिनं कापडात गुंडाळून आणली होती.

"लाकूड म्हणजे माल," सेलोम खालच्या आवाजात म्हणाला. "परवाना लागतो."

"माल?" एसिनाम भडकली. "माझ्या बापाला माल म्हणतोस? तुझ्या आईला सांगू का, तुझ्या पोरानं एत्सेकाकावर जकात मागितली म्हणून?"

सेलोमनं कान धरले आणि पाठ फिरवून रस्त्याकडं बघत राहिला.

बाहुली माझ्यावरून आत्सूच्या हातात गेली. तो खाली बसला. कमरेच्या पुरचुंडीतला मक्याच्या पिठाचा गोळा काढून त्यानं दोन भाग केले. एक मोठा झाला, म्हणून त्यातलं चिमूटभर काढून दुसऱ्याला लावलं. मग एक भाग बाहुलीच्या तोंडाशी धरला.

"बाबा मरेपर्यंत या धोंड्याला शिव्या देत होता," एसिनाम म्हणाली. "म्हणायचा, ज्यानं हा आणला त्याचे हात झडोत."

आत्सूचा हात थांबला.

"आम्हीच आणला, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बापानं आणि मी. ओढ्यातनं. खांद्यावर घेऊन. आम्हाला वाटलं, वाटणी कागदावर येईल. दोन टोप्या मिळाल्या."

एसिनामनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचे ओठ हलले. तिनं रिकामं कापड झटकलं, घडी केली, काखेत धरलं, आणि उतारानं आपल्या बाजूला चालत गेली.