अंगठ्याशिवाय उघडणारा चाकू

माझ्या उजव्या हाताचा अंगठा जावयाने मोडला. मी घराच्या दारात आडवी उभी होते, लेकीला नेऊ देत नव्हते. त्याने चौकटीवरची माझी बोटं एकेक करून सोडवली आणि अंगठा मागे वळवला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. गल्लीतली माणसं धावून आली म्हणून तो पळाला, पण जाताना लेकीला सांगून गेला, "सोमवारी येतो. बॅग भरून ठेव."

सोमवारी आमची गल्ली बंद असते. एकही गाळा उघडा नसतो. त्याने वार बरोबर निवडला होता.

आमच्या घरच्या बायका त्याला देखणा म्हणतात. लग्नात पडलेलं नाव, तसंच चिकटलं. त्या देखण्याकडून लेक परत आली तेव्हा तिचा एक डोळा मिटला होता. डोक्यावर मुठीएवढी जागा केसांवाचून उघडी पडली होती आणि पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. चौकीत गेले तर साहेब म्हणाले, घरातलं घरात मिटवा. बरं म्हटलं. मिटवते.

आमचा धंदा सोफे-खुर्च्यांचा. जुनं कापड उसवायचं, आतला काथ्या पिंजायचा, नवं कापड चढवायचं. नवरा गेल्यावर गाळा मीच चालवला. कामाला साडीवर खिशाचा सदरा घालते, चाकू त्या खिशात कायम असतो. पण तो जुना चाकू उघडायला पात्यावरच्या खाचेत नख घालून अंगठ्याने जोर लावावा लागतो, आणि त्याची स्प्रिंग अशी आडमुठी की धडधाकट माणसाचं नख उपटेल. डाव्या हाताने बघितलं. दातांनी बघितलं, तर ओठ चिरला. मग पदराने रक्त पुसलं आणि बाजारात चाकूवाल्याकडे गेले.

चाकूवाला म्हातारा. काचेच्या कपाटामागे बसून डोळ्याला भिंग लावून पातं बघत होता.

"काय कापायचंय?"

"सोफा."

"मग मोठी रापी घ्या. घडीचा चाकू कशाला?"

"खिशात मावला पाहिजे. दिसायला नको."

त्याने भिंग काढलं. "सोफ्याला दिसायला नको?"

"सोफा जरा लाजाळू आहे. दाखवता का जाऊ दुसरीकडे?"

त्याने शिंगाच्या मुठीचा एक काढला. दिसायला राजबिंडा, पण परत तीच नखाची खाच. दुसरा बटणाचा. बटण दाबलं की पातं फटकन बाहेर.

"हा टवाळ पोरांचा," मी म्हटलं. "मी दिवसभर वाकून काम करते. वाकता वाकता खिशात उघडला तर माझीच आतडी बाहेर काढेल."

तिसऱ्याच्या पात्याला एक गोटी होती, तिच्यावर अंगठा ठेवून ढकलायचं. जगात इतक्या गोष्टींना अंगठाच लागतो हे तो शाबूत होता तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अंगठ्याला काय झालं, मावशी?"

"दारात सापडला."

त्याने माझा हात काचेवर ठेवून घेतला. पट्टीच्या खाली मनगटावर बोटांचे वळ उठले होते, काळेनिळे.

"दाराला बोटं होती वाटतं."

"जावयाचं दार होतं."

त्याने खाली वाकून तळाच्या खणातून एक चाकू काढला. साधी लाकडी मूठ, दोन पितळी खिळे, एकच पातं, माझ्या मधल्या बोटाएवढं. जुन्या घाटाचा. मात्र मुठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी अर्धचंद्र कोरून काढला होता, त्यामुळे चाकू मिटलेला असला तरी तेवढ्या जागेत पातं उघडं राहत होतं.

"चिमटीत धरून उघडतात," तो म्हणाला. "पण तुम्ही अंगठा विसरा. सिगारेट धरतात तसं दोन बोटांत धरा. ओढत असालच कधीतरी."

"नाही ओढत. पण धरणारे पुष्कळ पाहिलेत."

पातं पहिलं बोट आणि मधलं बोट यांच्यात धरलं, मूठ उरलेल्या दोन बोटांनी तळव्यात दाबली आणि ओढलं. उघडला! एवढासा टक् आवाज. मिटला, परत उघडला. खिशात हात घालून, न बघता उघडला. अंगठा मोडल्यापासून माझ्या हाताने माझं पहिल्यांदा ऐकलं.

"धार लावून द्या. उडता केस चिरला पाहिजे."

तो चाकावर पातं धरून बराच वेळ उभा राहिला. मग तेल लावून, कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "सोफा केवढा उंच आहे?"

"माझ्यापेक्षा हातभर."

"मग खालून कापा," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी गाळ्यात होतो. घरी थांबले नाही, कारण घराच्या दाराची कडी त्याने आधीच उखडली होती. मधोमध एक मोठा सोफा पालथा घातला होता. लेक पक्कडीने त्याचे जुने खिळे उपटत होती, ते फरशीवर टपटप पडत होते. तिची बॅग दाराशी भरून तयार.

"आई, मी जाते त्याच्याबरोबर. तो तुला मारून टाकेल."

"मला मारायचं तर त्याला आधी जेवून यावं लागेल."

"चेष्टा नको करूस गं."

"मग रडू? रडले तर तुझ्या पाठीला नवं कातडं येणार आहे का? खिळे काढ." तिची बॅग मी लाथेने सोफ्याखाली सारली.

तो आला. भांग पाडलेला, अंगात चामड्याचं जाकीट, बुटांना पॉलिश. सासुरवाडीला जेवायला आल्यासारखा दारात पाय पुसून आत आला.

"काय सासूबाई, अंगठा काय म्हणतो?"

"तुमचीच वाट बघतोय, जावईबापू."

तो हसला आणि हसता हसताच त्याने लेकीचे उरलेले केस मुठीत धरले. ती बसल्या जागेवरून आडवी झाली. त्याने तिला फरफटत नेलं, खाली पडलेल्या खिळ्यांवरून. तिच्या पोटऱ्या फाटत गेल्या, फरशीवर रक्ताची रेघ उमटली. तिने सोफ्याचा पाय धरला. त्याने बुटाच्या टाचेने तिच्या हातावर दणका दिला. तिने सोडला नाही. त्याने परत दिला.

मी खिशात हात घातला. चाकू इतका अलगद उघडला की मलाच नवल वाटलं.

काय करणार होते ते स्वच्छ सांगते. बरगडीखाली घालून वरपर्यंत ओढणार होते. धमकी द्यायला नव्हता चाकू उघडला. पण माझा हात सगळा जन्म एकच काम करत आला आहे. जुनं कापड काढताना चाकू कापडात खुपसायचा नसतो. शिवण शोधायची, तिच्यावर पातं टेकवायचं आणि दोरा तोडत आपल्याकडे ओढायचं. आतल्या भरावाला ओरखडा गेला तर गिऱ्हाईक ऐकवतं. मेल्या हाताने तेच केलं. काखेपाशी जाकिटाची शिवण सापडली आणि पातं सरसर खालपर्यंत आलं. जाकीट उसवलं, अस्तर उसवलं, आतला सदरासुद्धा शिवणीवरच उसवला. देखण्याची गोरी बगल उघडी पडली आणि तिच्यावर साधा ओरखडा नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची उसवावी तितक्या सफाईने उसवला मी त्याला!

त्याने लेकीचे केस सोडले आणि आपल्या कुशीकडे पाहिलं.

"वा, सासूबाई. उसवलंत ते उसवलंत, आता शिवून पण द्या."

मग मूठ आली. माझा एक दात घशाकडे गेला, मी स्प्रिंगांच्या ढिगावर उताणी पडले आणि एका स्प्रिंगचं टोक दंडात शिरलं. त्याने माझ्या हातातून चाकू हिसकला, माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि गळ्याच्या रोखाने चाकू सगळ्या अंगाच्या जोराने खाली आणला.

तो घडीचा जुन्या घाटाचा चाकू. त्याला कुलूप नसतं, पाठीमागे नुसती स्प्रिंग असते. आपल्याकडे ओढत राहा, उघडा राहतो. टोक कडक वस्तूवर आपटलं की मिटतो. आणि जो दोन बोटांनी उघडतो त्याला मिटायला तरी कितीसा जोर लागणार? मी मान फिरवली. टोक माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसलं आणि ते पातं, उडता केस चिरणारं, त्याच्याच ताकदीनिशी त्याच्याच बोटांवर मिटलं.

असा ओरडला की गाळ्यातल्या कपाटाची काच थरथरली. चाकू त्याच्या हाताला चावल्यासारखा लोंबत होता. त्याने झटकला तेव्हा तो भिंतीवर जाऊन आदळला. एका बोटाचं पेर कातड्याला लटकून राहिलं होतं, दुसऱ्याचं हाड दिसत होतं. रक्त माझ्या तोंडावर पडत होतं, माझं आणि त्याचं एक झालं होतं.

"कापड! कापड आण, सटवे!"

आणि लेक उठली. एवढी फाटलेली, तरी उठून कापड आणायला धावली. हाक आली की धावायचं हे त्याने तिच्या हाडात भरलं होतं. मला ओरडायचं होतं, पण तोंडात नुसतं रक्त. तिने अस्तराची पट्टी फाडली, त्याच्या बोटांना गुंडाळली, वर सुतळी बांधली. गाठ चांगली मारली. मी शिकवलेली.

"दवाखान्यात चल," तो कण्हत म्हणाला. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला दाराकडे न्यायला लागली. माझा जीव तिथेच अर्धा झाला. घरच्या दारात अंगठा मोडून घेतला तो हिला जाऊ द्यायचं नाही म्हणून, आणि पोरगी आपल्या पायांनी चालली होती.

उंबरठ्याबाहेर त्याचे दोन्ही पाय पडले तशी तिने त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. तो गाळ्याच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला. तिने दार लोटलं, कडी लावली.

तो उठला असावा, कारण लाथा सुरू झाल्या. कडीचे स्क्रू लाकडातून बाहेर यायला लागले. लेकीने इकडेतिकडे पाहिलं, मग तागाच्या पट्ट्याचं भेंडोळं उचललं. सोफ्याच्या बैठकीखाली जे पट्टे ताणून मारतो, तेच. मूठभर खिळे तोंडात टाकले. आमच्यात खिळे तोंडातच धरतात. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकावर घ्यायचा आणि ठोकायचा, म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो.

"धल," ती खिळ्यांमधून म्हणाली. मी रांगत गेले आणि पट्ट्याचं टोक डाव्या हाताने चौकटीवर दाबलं. तिने ठोकलं, दारावरून आडवा नेला, फळकुटाने ताणला, दुसऱ्या बाजूला ठोकला. मग दुसरा पट्टा. मग तिसरा. आता लाथ बसली की दार बोटभर आत येई आणि पट्टे त्याला परत पाठवत. उत्तम बैठक झाली होती.

लाथा थांबल्या.

"ऐक ना गं," बाहेरून आवाज आला. मऊ. "फार दुखतंय. रक्त थांबत नाहीये. मी काही करणार नाही, तुझी शपथ. एकदा बोल तरी माझ्याशी."

हा आवाज मला माहीत आहे. याच आवाजावर ती दोन वेळा परत गेली होती.

तिची हातोडी हवेत थांबली. तिने दाराकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. सुजलेला डोळाही अर्धा उघडून ती ऐकत होती. ओठ हलले. उत्तर द्यायचं तर तोंडातले खिळे आधी थुंकायला हवे होते.

"बोल ना. आहेस ना तिथे?"

तिने जिभेने पुढचा खिळा ओठांवर आणला, हातोडीवर घेतला आणि ठोकला.