बाईंच्या डाव्या बाजूची होडी

मित्रांनो, नार्वे गावात नदीच्या काठी, माडाच्या दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली जुनी होडी तुम्ही पाहिली असेल. ती मी. देवळाकडे सहलीला आलेली मुले माझ्या पाठीवर बसून शेंगदाणे खातात, टरफले तिथेच टाकतात आणि पुढे निघून जातात. आज थोडे थांबा. मला फार गोड असे काही सांगायचे नाही.

मला जयराम मेस्ता या सुताराने घडवले. माझा मालक गोकुळदास, त्याच्या परसातला आंबा वादळात पडला होता. मेस्ताने दीड महिना खपून त्याचे खोड कोरले, वर फळ्या चढवल्या आणि काजूबियांचे काळे तेल मला पोटभर पाजले. मला पाण्यात सोडले तेव्हा गोकुळदासची बायको कमलाक्षी हिने माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावले. गोवा हे वेगळे राज्य होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हापासून मी नारळ वाहिले, गवताचे भारे वाहिले, पलीकडच्या काठावर लग्नाला जाणारी माणसेही नेली. माझ्यातून कोणी बुडाले नाही. गोकुळदास हे अभिमानाने सांगायचा.

गावच्या मराठी शाळेत चंद्रावतीबाई शिकवायच्या. लग्न केलेले नव्हते, भावाच्या घरी राहायच्या. लहानपणापासून नदीत पोहून त्यांचे खांदे पुरुषासारखे रुंद झाले होते. गोवा राज्य झाले त्याच्या दोन वर्षे आधी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर होता. मुंबईला ऑपरेशन करून स्तन काढून टाकावा लागला. बाई वाचल्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, ती वाचली नाही. दोघींचा रोग एकच आणि औषधही एकच. मग असे का झाले, असे बाईंनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते आम्हाला अजून ठाऊक नाही. शोधायला माणसे आहेत, पण पैसा पुरत नाही."

बाई हे विसरल्या नाहीत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची चतुर्थी झाली आणि त्या धक्क्यावर येऊन गोकुळदासला म्हणाल्या, "मला इथून पणजीपर्यंत पोहायचंय. तुझी होडी बरोबर हवी."

"बाई, तुमका बरा नाय. इतक्या लांब कशाक?"

"मला बरं आहे, हेच लोकांना दाखवायचंय. आणि त्यानिमित्ताने जे पैसे देतील ते मुंबईला संशोधनासाठी पाठवायचेत."

गोकुळदासने मान खाजवली आणि वल्हे उचलले.

पहिल्या दिवशी बाईंना वीस हातही मारता आले नाहीत. डावा हात खांद्याच्या वर उचलला जातच नव्हता. काखेतून छातीपर्यंत कातडे ओढले जायचे आणि पाण्यातच त्या कळवळायच्या. म्हणून मला नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला ठेवायचे असे ठरले. हात थांबला तर माझी कड धरता यावी म्हणून. सुरुवातीला त्या दर पाच मिनिटांनी कड धरायच्या. दिवाळी उलटली तेव्हा अर्धा अर्धा तास कड न धरता पोहू लागल्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

पण काठावर काय चालायचे तेही मला दिसत होते. धक्क्याजवळ गुरुदासचे दुकान होते. तो गावातल्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि बाईंच्या पोहण्याच्या वर्गणीच्या पावत्या त्यानेच छापल्या होत्या. पोहून आल्यावर तो सगळ्यांना चहा पाठवायचा. पेले सारखेच असत. फक्त बाईंच्या पेल्याला लाल दोरा बांधलेला असे. तो पेला वेगळा धुवायचा आणि वेगळा ठेवायचा. बाईंनी एकदा त्या दोऱ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने चहा प्याल्या. त्यांच्या पुतणीचे जमलेले लग्न त्याच महिन्यात मोडले. 'रोग रक्तात असतो' असा निरोप पाहुण्यांनी धाडला होता.

कमलाक्षीने हे सगळे पाहिले. ती रोज सकाळी बाईंसाठी गरम पेज आणि कोरडा तुवाल घेऊन यायची. बाईंची पाठ तीच पुसून द्यायची. तिची मुलगी संजना लग्नाची झाली होती आणि पेडण्याचे एक स्थळ जवळजवळ नक्की झाले होते.

दुपारी माझ्यातले पाणी उपसायला कमलाक्षी एकटीच यायची. आधी पटापट काम करून निघून जायची. त्या वर्षी मात्र पाणी उपसून झाले तरी ती माझ्या फळीवर बसून राहू लागली. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून हात पोलक्यात घालायची. एकाच जागी चाचपायची. मग हात बाहेर काढून नदीत धुवायची. मित्रांनो, मला तेव्हाच कळले. सगळ्या गावात फक्त मला कळले, आणि माझा काही उपयोग नव्हता.

एका सकाळी बाई डोक्याला टोपी बांधत होत्या. कमलाक्षीने पेजेचा डबा उघडत सहज विचारावे तसे विचारले, "बाई, ती गाठ सुरवातीक दुखता काय हो?"

"छे गं वहिनी. दुखत नाही, म्हणून तर बाईमाणूस फसतं," बाई म्हणाल्या आणि लगेच वळल्या. "गोकुळदास, सुकती कधी लागणार रे? ओहोटी चुकायला नको."

कमलाक्षीने डबा बंद केला. पुन्हा तिने कधी विचारले नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी बाई पणजीला जायला पाण्यात उतरल्या. काठावर जत्रेसारखी गर्दी होती. गुरुदासने भाषण केले आणि बाईंना गावाची वाघीण म्हणाला. ओहोटीच्या ओढीने आम्ही पहिले दोन तास झपाट्याने गेलो. मग मोठ्या पात्रात खनिजाने भरलेला बार्ज मागून आला. त्याची लाट भिंतीसारखी उठली. गोकुळदासने मला बाई आणि लाट यांच्या मध्ये आडवे घातले. मी निम्मी भरले. तो डब्याने पाणी उपसत ओरडला, "बाई, वर या! हात चलना नाय तुमचो!"

खरेच त्यांचा डावा हात चालत नव्हता. त्या कुशीवर होऊन एकाच हाताने पाणी कापत होत्या. "वर आले तर लोक पैसे परत मागतील," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या की रागाने, ते मला कळले नाही. तो शेवटचा तास त्यांनी तसाच काढला. मांडवीवरच्या पडलेल्या पुलाचे खांब मागे टाकून आम्ही पणजीच्या धक्क्याला लागलो तेव्हा त्यांना दोघांनी धरून वर घ्यावे लागले. फोटो निघाले. पैसे मुंबईला गेले आणि तिथल्या रुग्णालयाचे आभाराचे पत्रही आले. ते पत्र गुरुदासने चौकटीत घालून दुकानात लावले.

वैशाखात संजनाचे लग्न झाले. ती सासरी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी कमलाक्षी गोकुळदासला म्हणाली, "माका पलतडी घेऊन चल." नदीच्या मध्यावर आल्यावर तिने सांगितले.

"माका गाठ आसा. छातयेत."

"कधीपासून?"

"चवथीच्या आदीपासून."

गोकुळदासच्या हातातले वल्हे थांबले. "नऊ म्हयने? आणि माका सांगूक नाय? रोज त्या बाईक पेज घालताना तरी सांगूचा!"

"सांगलं आसता तर चेडवाचा लगीन जाला आसता?"

मी प्रवाहाबरोबर कितीतरी वेळ वाहत राहिले. कोणीच मला वळवले नाही.

बाईंनीच कमलाक्षीला मुंबईला नेले. ज्या डॉक्टरांनी बाईंना वाचवले होते त्यांनीच तपासले. रोग हाडांत गेला होता. "सहा महिने आधी आला असतात तर..." एवढेच ते म्हणाले. दिवाळीच्या आधी कमलाक्षी गेली. बाराव्याला पेडण्याचे व्याही आले ते गोकुळदासला जाब विचारायला. "रोग लपवून मुलगी आमच्या गळ्यात मारलीत," असे म्हणाले. दिवस करायला माहेरी आलेल्या संजनाला तिचा नवरा न्यायला आला नाही. जिच्या लग्नासाठी आईने जीव दिला तिचे लग्न पाच महिनेही टिकले नाही.

पुढच्या जानेवारीत मंडळाने धक्क्यावरच बाईंचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या.

"मी पोहले तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात," त्या म्हणाल्या. "पण माझा पेला तुम्ही वेगळा ठेवलात. कमलाक्षीवहिनीने तो पाहिला आणि ती गप्प बसली. एकदा तिने मला विचारलंही होतं. मी सुकतीची वेळ बघत होते. मुंबईला पैसे पाठवणारी मी, आणि माझी पाठ पुसणाऱ्या बाईकडे मी मान वर करून पाहिलं नाही. ही शाल मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

गुरुदासने पुढे होऊन माइक घेतला. "बाईंच्या भावना दाटून आल्या आहेत, आपण समजून घेऊ," असे म्हणून त्याने भजनी मंडळाला बोलावले. पेटी सुरू झाली. लोकांना सुटल्यासारखे वाटले. शाल खुर्चीवर तशीच राहिली.

गोकुळदास बार्जवर कामाला लागला. "हिका आता पाण्यात घालूची नाय," असे म्हणून त्याने मला या ओंडक्यांवर पालथे घातले. त्याचा माझ्यावर राग आहे की स्वतःवर, हे मला आजही समजलेले नाही. उन्हाने माझा तळ उकलला. वाळवीने एक बाजू खाल्ली.

बाई पोहायच्या थांबल्या नाहीत. दुसऱ्याची होडी घेऊन त्या तेरेखोलची खाडी पोहल्या, पुढे उघड्या समुद्रातही उतरल्या. सात वर्षे पैसे पाठवले. पण पाण्यात उतरण्याआधी त्या काठावरच्या बायकांना सांगायच्या, "कोणाला गाठ लागत असेल तर शाळेत मला येऊन भेटा. कोणाला कळणार नाही." मग घरोघरीही जायच्या. पुष्कळ दारे बंद झाली. मुलांनी त्यांना मागून हाका मारून चिडवले. सात वर्षांत तीन बायका त्यांच्याकडे आल्या. त्यातल्या दोघी वेळेवर आल्या होत्या.

त्या दोघींपैकी एक संजना होती. गाठ साधी निघाली, पण तपासायला ती स्वतः गेली, बापाला सांगून गेली. गोकुळदास तिच्याबरोबर मुंबईला गेला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला सांभाळा, आम्हाला फेकू नका. मी तसे म्हणत नाही. माझे लाकूड उद्या चुलीत गेले तरी चालेल. पोहणाऱ्यांना टाळ्या द्या, पैसेही द्या, त्यांची गरज आहे. पण तुमच्या घरात आई असेल, काकी असेल, मोठी बहीण असेल. ती कधी काम संपल्यावरही एकटीच बसून राहिलेली दिसली, तर जवळ जा आणि काय झाले ते विचारा. ती म्हणेल, "काही नाही." तेवढ्यावर खेळायला जाऊ नका.

पुन्हा विचारा.