वाचलेल्या कोळंब्या

साउ काकांच्या बायकोच्या वर्षश्राद्धाला कोळंबीच्या रोगांवर संशोधन करणारी दिएप आली ती खरं तर कोळंब्या न्यायला. प्रयोगशाळेतून हवेचा पंप लावलेलं पिंप घेऊनच आली होती आणि आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

उन्हाळ्यात काकांचं कोळंब्यांचं अख्खं तळं रोगानं मेलं. मूठभर माद्या तेवढ्या तगल्या, त्या परसातल्या टाकीत ठेवल्या होत्या. कोळंबीला माणसासारखी लस टोचून भागत नाही. रक्तातली प्रथिनं दिसेल त्या जंतूची कातडी फाडतात, हीच तिची ढाल. या माद्यांच्या रक्तात तसं प्रथिन उदंड निघालं होतं. त्यांची पिल्लं वाढवली की दिएपची इतक्या वर्षांची मेहनत फळाला येणार होती. तशा माद्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

"आधी जेव गं," काका म्हणाले. श्राद्धाच्या घरून उपाशी उठायची सोय नाही. ती चटईवर बसली.

नारळपाण्यात वाफवलेल्या कोळंब्यांचं ताट आलं. एकीच्या डोळ्याच्या दांडीत पिवळी कडी होती, दिएपनंच ओळखीसाठी अडकवलेली.

तिनं ती उचलून पाहिली. "काका, या..."

"त्याच! घरात दुसरं उरलंय काय? पाहुणीला गवत वाढू?"

जेवायला आलेले शेजारी खो खो हसले. काका तिच्यासाठी कोळंबी सोलू लागले.

"रोग दिसला त्याच सकाळी मी जाळं टाकत होतो. बारीक का होईना, माल विकला गेला असता. तू म्हणालीस, थांबा काका, औषध येतंय. कुठलं गं औषध?"

औषध नव्हतंच. कोणती तगते ते तिला बघायचं होतं. तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"एखादी तरी ठेवलीत ना, काका? पाया पडते."

"आहे एक टाकीत, जिवंत. ताट संपव, मग घेऊन जा." त्यांनी सोललेली कोळंबी तिच्या वाडग्यात टाकली. "खा. तुझी काकू फोटोतून बघतेय."

दिएप खात सुटली. पिवळी कडी, निळी कडी, तांबडी कडी, सगळ्या तिनं ताटाच्या कडेला ठेवल्या.

"गोड आहेत ना?"

"गोड आहेत, काका."

शेवटची संपली तशी ती हातही न धुता परसात धावली. टाकी घासूनपुसून उन्हात पालथी घातली होती.