गंगेची ओटी भरल्यावर

शाळेला पुराची सुट्टी, म्हणून हर्षाली सकाळपासून मोबाईलवर सिनेमा बघत बसली होती. त्यात समुद्राची लाट उठून बारा मजली इमारत गिळत होती. चंद्रभागाबाईंनी नातीच्या खांद्यावरून एकदा डोकावलं आणि नाक मुरडलं.

"असलं कुठं होत असतं होय गं? माणसं घाबरवायचे धंदे हे."

"होऊ शकतं, आजी."

"तुझ्या मोबाईलात होतं. सायखेड्यात मी किती पूर पाह्यले! गंगा पायरीला लागती, ओटी घेती अन् माघारी जाती. तिला रीत कळती, तुझ्या सिनेमावाल्यांना नाय."

गोदावरीला त्या घरात गंगाच म्हणत. पाणी घराच्या खालच्या पायरीला लागलं की थोरल्या बाईनं खण-नारळानं तिची ओटी भरायची. एकदा भरली की कुणी उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर गंगेवर भरवसा नाही असं झालं. हे सासूनं घालून दिलेलं, आणि चंद्रभागाबाईंनी चाळीस वर्षं पाळलेलं. आजची ओटी त्यांनी सकाळीच भरली होती.

नाशिकहून सोमनाथचा, लेकाचा, तिसऱ्यांदा फोन आला. "आई, धरणातून आणखी पाणी सोडलंय. दोघींना घेऊन वरच्या शाळेत जा."

"कंपनीत बसून मला गंगा शिकवतो का? ठेव!"

सून उज्वला पिशवी भरून उभी होती. "आत्याबाई, शेजारचे सगळे गेले."

"जाऊ दे भित्र्यांना. ती पिशवी ठेव आधी खाली."

चंद्रभागाबाई उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या. पाणी दुसऱ्या पायरीवर होतं, तासाभरात बोटभर चढलं नव्हतं. "बघितलंस?" म्हणायला वळल्या, तोच मागं न्हाणीत काहीतरी गुडगुडलं. उज्वला बघायला गेली, ती तशीच मागं सरली.

न्हाणीच्या भोकातून गढूळ पाणी वर येत होतं. लाट नाही, गर्जना नाही. दूध उतू जावं तसं. चंद्रभागाबाईंनी मागचं दार उघडलं. घरामागचा ओढा दिसेना, शाळेचा रस्ता दिसेना. कांदे साठवायच्या चाळीपर्यंत सगळं तपकिरी, सपाट, आणि ते सरकत होतं. चंद्रभागाबाई गंगेवर समोरून नजर ठेवून बसल्या होत्या, आणि ती वरच्या अंगाला ओढ्यात शिरून मागून घरात आली होती.

सिनेमातली माणसं ओरडत तरी होती. इथं पाणी आवाज न करता उंबरा ओलांडून आत येत होतं.

हर्षाली खाटेवर उभी होती. खाटेचे पाय निम्मे बुडाले होते.

"आत्याबाई, काय करायचं सांगा ना!"

‘उंबरा ओलांडायचा नाही’ हे सासूचं वाक्य तोंडाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. चुकलं म्हणायची सवय नव्हती, आताही जमलं नाही. पदर कमरेला खोचला, नातीचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चला. मी पुढं. माझ्या मागं मागं या, इकडंतिकडं पाय टाकू नका."

पाण्याखाली रस्ता कुठं वळतो ते फक्त त्यांच्या पायांना ठाऊक होतं. दाराबाहेर पाणी कमरेला लागलं, आणि ते उभं राहू देत नव्हतं. फरशी संपली, चिखल लागला. दहा पावलांवर रस्ता वळायला हवा होता. अकरावं पाऊल टाकलं, तरी वळण लागलं नाही.

"आजी, हात दुखतोय."

त्यांनी पोरीचं मनगट आणखी आवळलं.