टाकीखालच्या डब्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे गंजलेला, पोचे आलेला असं समजू नका. माझा निळा रंग अजून शाबूत आहे आणि आतली एकही तार सुटलेली नाही. मला भिंतीवर बसवलं तेव्हा अंगणवाडीत रडत जाणारी पोरं अजून गावच्याच शाळेत आहेत. तरीही मी जुना, कारण ज्या कंपनीनं मला घडवलं तिनं एके दिवशी तसं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही आणि गावालाही नाही.

चाकूरपासून जवळच्या एका गावात, पाण्याच्या उंच टाकीखालच्या खोलीत मी राहतो. सरकारी कागदावर माझं नाव 'स्वयंचलित पाणीवाटप यंत्रणा' असं भारदस्त आहे. गावानं मला पहिल्याच दिवशी डबा म्हटलं आणि तेच चिकटलं. माझ्यासमोर टाकीतून उतरलेले जाड नळ आहेत, एकेका गल्लीला एकेक. प्रत्येक नळावर व्हॉल्व्ह आणि त्याच्यावर झाकणबंद मोटर. मी हुकूम दिला की मोटर फिरते आणि त्या गल्लीला पाणी जातं. पण हुकूम कधी द्यायचा हे मी ठरवत नाही. ते माझ्या आत भरलेला प्रोग्राम ठरवतो आणि तो प्रोग्राम कंपनीचा. डबा गावाचा, डोकं कंपनीचं, असा करार वर कुठंतरी मोठ्या लोकांनी केला होता.

माझ्याआधी हे काम व्यंकट करायचा. हातभर लांब लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि जोर लावून फिरवायची. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, गल्ल्यांच्या पाळ्या असतात. पाळीवरून भांडणंही होत. मात्र एका गोष्टीवरून कधीच भांडण झालं नाही. कुणाच्या घरी मयत झाली की पाळी बाजूला सारून त्या गल्लीला पाणी सोडायचं. मसणवट्यातून परतलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही, घरच्या बायांनाही डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. पूर्वी हे विहिरीवर व्हायचं. विहिरी आटल्या आणि ते नळावर आलं. त्याला गाव मयतीचं पाणी म्हणायचं. एखाद्या गल्लीची पाळी त्यापायी पुढं गेली तरी तिथं कुणी तोंड वाकडं करत नव्हतं.

माझ्या उद्घाटनाचा थाट काय वर्णावा! सरपंच शेषेराव नवा फेटा बांधून आले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, माझ्या कपाळाला कुंकू लागलं. आता हाताची कटकट संपली या आनंदात शेषेरावांनी व्यंकटची चावी शाळेला देऊन टाकली. शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला आहे, त्यावर टोल द्यायला ती बरी पडेल म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या गर्दीत वरच्या गल्लीतली मनकर्णाबाई काठी टेकत पुढं आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कंपनीच्या माणसाला विचारलं, "कुनाच्या घरी मयत झाली तर ह्याला कोन सांगावं?"

खोलीत हशा पिकला. कंपनीचा माणूस म्हणाला, "आजी, एक फोन करायचा. बसल्या जागी सगळं होतं."

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तसं होतही होतं. खालच्या गल्लीतल्या दगडोबाचे वडील गेले तेव्हा शेषेरावांनी फोन लावला, लांबच्या शहरात कुणीतरी बटण दाबलं आणि माणसं मसणवट्यातून परतायच्या आत नळ वाहू लागले. मला फार बरं वाटलं. आजूबाजूच्या गावांचे लोक मला बघायला यायचे. पेपरात माझा फोटो छापून आला. मी तर हवेतच होतो, मित्रांनो.

मग माझी कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. नव्या मालकांनी कळवलं की हा प्रोग्राम जुना झाला, त्याच्याकडे आता कुणी बघणार नाही, नवा घ्या. म्हणजे जुन्या वेळापत्रकानं मी चालत राहणार, पण त्यात काडीचाही बदल करता येणार नाही. नळ फुटला, गल्लीत घरं वाढली, तरी माझं आपलं तेच. वाया जाणारं पाणी मला दिसत होतं आणि मी ते मुकाट्यानं सोडत होतो.

तालुक्याहून मुकुल नावाचा तरुण इंजिनिअर येऊन गेला. पोरगा भला. माझ्यासमोर लॅपटॉप मांडून त्यानं अख्खा दिवस घालवला. शेवटी कपाळावरचा घाम पुसत शेषेरावांना म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, सरपंच. पण आत काय लिहिलंय ते बघायलाच आपल्याला मनाई आहे. करारात तसं आहे. झाकणाचं सील तोडलं तर गॅरंटीही गेली."

"आपल्याच गावचं पानी अन् आपल्यालाच मनाई?" शेषेराव म्हणाले.

मुकुल खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिला. त्याचा तरी काय दोष? सही करणारे कुणी दुसरेच होते. त्यांच्या नळाला पाणी चोवीस तास.

आणि ऐन उन्हाळ्यात, एका शनिवारी सकाळी, मनकर्णाबाई गेली. तिची लेक राजकन्या मुरुडला दिलेली, ती गाडी करून आली. वरच्या गल्लीची पाळी अजून दूर होती आणि घरोघरचे रांजण तळाला गेले होते. माणसं तिरडी घेऊन मसणवट्याकडे निघाली आणि शेषेराव व्यंकटला घेऊन माझ्या खोलीत आले. फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात बोलली. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आपली तक्रार नोंदवली आहे, सर. दोन कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल."

"ताई, उद्या इतवार हाय. मयत झालीय गावात, मानसं परत यायलेत. एवढ्यापुरतं पानी सोडा."

"सर, त्यासाठी आमच्याकडे वेगळा पर्याय नाही."

तिचा आवाज शेवटपर्यंत गोडच होता. त्या गोडव्याची मला आजही चीड येते. एका म्हातारीच्या शेवटच्या पाण्यासाठी 'पर्याय नाही' म्हणायचं, आणि वर आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारही मानायचे!

पुन्हा पुन्हा फोन लावण्यात दुपार झाली आणि राजकन्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. आईला खांदा दिलेली माणसं तिकडं घरासमोरच्या उन्हात तिष्ठत होती. कुणी घरात जात नव्हतं, कुणी पाण्याचा घोटही घेत नव्हतं. त्यात म्हातारी माणसंही होती.

"काका, टाकीत पानी हाय का न्हाई?" तिनं विचारलं.

"हाय. काठोकाठ हाय," व्यंकट म्हणाला.

"मग अडवायलंय कोन?"

व्यंकटनं माझ्याकडे बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की पोरी, मी नाही, मी नाही. माझ्या अंगात ताकद होती, डोक्यावर टाकी भरलेली होती, समोर नळ होता. आणि माझे हात लांबच्या कुणीतरी बांधून ठेवले होते, ज्याला मनकर्णाबाई कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. असला संताप मला कधी आला नव्हता.

शेषेराव तडक बाहेर पडले. परत आले तेव्हा धोतर धुळीनं माखलं होतं आणि हातात शाळेतली ती चावी होती. टोल देऊन देऊन तिचं एक टोक चेपलं होतं. व्यंकट घाबरून म्हणाला, "सरपंच, सील तुटंल. आपल्यावर येईल."

"येऊ दे. तोडनारा मी हाय, नाव माझंच सांग. चावी देऊन टाकनाराबी मीच होतो."

त्यांनी वरच्या गल्लीच्या मोटरीच्या झाकणावर दगड घातला. झाकण उडालं. व्यंकटनं चावी बसवली, दोघांनी मिळून जोर लावला, आणि नळातून घरघर करत पाणी वरच्या गल्लीकडे धावलं. राजकन्या भिंतीला टेकून खाली बसली आणि तेव्हा कुठं मोठ्यानं रडली.

झाकण तुटल्याची खबर माझ्यातल्याच सिमकार्डनं परस्पर कंपनीला दिली. मयत कळवायला रस्ता नव्हता, चुगली करायला मात्र होता. गावाला नोटीस आली. माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली आणि मी बंद पडलो. मुकुलनं ती वाचून दाखवली, 'विनापरवाना वापर'. आपल्या टाकीतलं पाणी आपल्या माणसांना दिलं, त्याला हे नाव!

आता व्यंकट पुन्हा हातानं पाणी सोडतो. शाळेची घंटा दगडानं वाजते आणि पोरांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. मी भिंतीवर नुसता टांगलेला आहे.

शाळेच्या निबंधात माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा, आमची धूळ पुसा. मी तसं म्हणणार नाही. जपायचं असेल तर ती चेपलेली चावी जपा, पुन्हा कुणाला देऊन टाकू नका. कारण वर नवा करार झाला आहे, असं मी ऐकतो. लवकरच माझ्या जागी चकचकीत नवा डबा येईल, पुन्हा नारळ फुटेल, पुन्हा पेढे येतील. पेढे खुशाल खा, मित्रांनो. पण फीत कापायच्या आधी तुमच्यातल्या एकानं तरी पुढं व्हा आणि मनकर्णाबाईनं विचारलेलं पुन्हा विचारा. या वेळी कुणी हसलं, तर फीत कापू देऊ नका.