मुळाशी कुरळा

माझ्या शेवटच्या दोन दातांमध्ये एक लांब केस अडकला आहे. मुळाकडचा बोटभर भाग वेटोळा आहे. त्यापुढे तो शिवणाच्या दोऱ्यासारखा सरळ जातो. निसर्गतः वाढलेला केस मध्येच असा स्वभाव बदलत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत एका सुताराने मला हळदूच्या पिवळसर लाकडातून कोरले. झाईहून आलेल्या एका बापाने त्याला आपल्या लेकीचे डोके दाखवले होते. "दात विरळ ठेव, दादा. बारीक फणीनं पोरगी रडते." ती पोरगी म्हणजे मनोरमा.

तिच्या आईची पद्धत ठरलेली होती. कोरड्या केसांना मला कधी लावायचे नाही. न्हाणे झाले की ओल्या केसांना खोबरेल चोळायचे, आधी टोकांचा गुंता सोडवायचा, मग हळूहळू मुळाकडे जायचे. कुरळ्या केसात मुळाचे तेल वळणे पार करून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून टोके कोरडी पडतात आणि तुटतात. मनोरमा तेव्हा मला उशाशी घेऊन झोपत असे.

मग ती डी.एड.ला गेली. वसतिगृहातल्या मुली तिला 'झिपरी' म्हणत. लग्न ठरले तेव्हा ती वापीच्या एका पार्लरमध्ये गेली आणि सरळ केस घेऊन परतली. मला तिने औषधांच्या डब्यामागे टाकले. मी तिचा एकही केस ओढून तोडला नव्हता. तरी मीच आधी नकोशी झाले.

तलासरीला तिच्या घरी नीलम जन्मली, दाट कुरळ्या केसांची. तेव्हा मला पुन्हा बाहेर काढले, पण फक्त लेकीसाठी. विंचरताना मनोरमा सांगायची, "तुझ्या बाबांच्या आजीचे असेच होते हो. किती सुंदर!" मी ऐकत राहायचे. मला बोलता आले असते, तर मी काय सांगितले असते, ते तुम्हाला कळले असेल. दर सहामाहीला ती 'मीटिंग'ला वापीला जायची आणि सरळ केलेले केस बिघडू नयेत म्हणून नंतर तीन दिवस डोक्यावरून पाणी घ्यायची नाही.

यंदा परीक्षेच्या कामात तिला जायला जमले नाही. जत्रेला निघण्यापूर्वी घरातले सगळे डोक्यावरून न्हातात. त्या घाईत तिला स्वतःचा प्लॅस्टिकचा कंगवा सापडेना, म्हणून तिने मला घेतले. किती वर्षांनी मी त्या डोक्यात शिरले! मुळाशी पोहोचताच मी तिला ओळखले.

पाठोपाठ सहावीतली नीलम विंचरायला आली.

"आई, हा केस कोणाचा?"

"तुझाच असेल."

"माझा एवढा लांब कुठंय? आणि अर्धा सरळ?" तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. मग आईच्या ओल्या डोक्याकडे पाहिले. "दिवाळीत मीटिंग म्हणून गेलीस, ती केस सरळ करायला का?"

तिचे बाबा, वासुदेव, बूट घालत होते. "सांगून टाक आता. मला उशीवरचे केस झटकताना कधीच कळलंय."

"वर्गात मला मॅगी म्हणतात," नीलम म्हणाली. "मी म्हटलं स्ट्रेट करते, तर तू म्हणालीस, तुझे केस सुंदर आहेत. खोटं बोललीस?"

"ते खरं होतं, बाळा."

"मग तुझे का नव्हते?"

 नीलमने मला फरशीवर आपटले. माझा मधला दात तुटला. "मलाही वापीला ने. उद्याच!"

मित्रांनो, लाकडी फणी पाण्यात भिजत ठेवू नका. अधूनमधून तिला तेलाचे बोट लावा. आणि ज्या केसांसाठी आम्ही घडलो, त्यांची लाज बाळगू नका. लाज लपवायची म्हटले की माणसे आधी आम्हालाच लपवतात.

बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. मनोरमाने मला उचलले, तुटलेला दात शोधून रुमालात बांधला. दर वेळी वापीहून परतल्यावर ती आरशाशी पुटपुटायची, 'हे शेवटचं.' डब्यामागे ते फक्त मला ऐकू यायचे. आज ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली,

"वापीला कोणीच जाणार नाही. नीलम, कात्री आण. सरळ आहे तेवढं सगळं काप."